नळाचं पाणी, बेडकाचं हृदय आणि कॅल्शियमची कोठारं



अल हिलालमधल्या कुठल्याही इमारतीत नळ सोडला की येतं ते मुळात समुद्राचं पाणी. कतारमध्ये नदी नाही की तलाव नाही. शहराला लागणारं पाणी रास अबू फोन्तास आणि तशाच इतर प्रकल्पांमध्ये समुद्रातून ओढून गोडं केलं जातं. मीठ काढताना पाण्यातले बाकीचे क्षारही निघून जातात, कॅल्शियमसुद्धा. असं कोरं पाणी तसंच पाईपात सोडत नाहीत. त्याने पाईप खराब होतात आणि प्यायलाही ते बेचव लागतं. म्हणून त्यात कॅल्शियमचे क्षार पुन्हा घालतात आणि मग ते आपल्या टाकीत येतं.

आधी काढायचं आणि मग परत घालायचं, हा व्याप आपल्या कधी लक्षातही येत नाही. पण क्षार असलेलं पाणी आणि क्षार नसलेलं पाणी, या दोन पाण्यांतल्या फरकानेच सुमारे १४० वर्षांपूर्वी लंडनमधल्या एका डॉक्टरला बुचकळ्यात टाकलं होतं. त्यातून जे हाती लागलं, त्याचा धागा पुढे आपल्या छातीतल्या ठोक्यापर्यंत, रक्तदाबाच्या गोळीपर्यंत आणि इमर्जन्सीत होणाऱ्या रक्ताच्या एका तपासणीपर्यंत जातो. आजचा भाग त्याच धाग्याचा.

डॉक्टरांचं नाव सिडनी रिंगर. हे नाव तुम्ही ऐकलेलं नसेल, पण पाहिलेलं नक्की असेल. दवाखान्यात ‘सलाईन लावलं’ असं आपण सरसकट म्हणतो, त्यातल्या बऱ्याच बाटल्यांवर ‘रिंगर लॅक्टेट’ असं छापलेलं असतं. नर्स त्याला नुसतं ‘आरएल’ म्हणतात. तेच हे रिंगर. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये ते रुग्ण तपासायचे, विद्यार्थ्यांना शिकवायचे आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत जाऊन बसायचे.

त्यांचा प्रयोग दिसायला साधा होता. बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढलं तरी योग्य द्रावणात ते बराच वेळ धडधडत राहतं. हे ‘योग्य द्रावण’ म्हणजे नेमकं काय, हे रिंगरना शोधायचं होतं. १८८२ मध्ये त्यांनी निबंध छापला. मिठाच्या पाण्यात थोडं पोटॅशियम घातलं की हृदय छान चालतं, असा त्याचा सूर होता. मग पुन्हा प्रयोग करताना हिशेब जुळेना. तेच मीठ, तेच प्रमाण, पण हृदय हळूहळू मंद व्हायचं आणि थांबायचं.

शोध घेतल्यावर कळलं की आधीच्या वेळी द्रावण डिस्टिल्ड वॉटरमध्ये केलेलंच नव्हतं. ते नळाच्या पाण्यात केलेलं होतं. हे पाणी न्यू रिव्हर वॉटर कंपनीचं. न्यू रिव्हर हे नाव नदीचं असलं तरी तो माणसाने खणलेला पाट आहे. १६१३ मध्ये तो सुरू झाला आणि हर्टफर्डशायरच्या खडूच्या जमिनीतल्या झऱ्यांचं पाणी लंडनला आणू लागला. खडू म्हणजे चुनखडीच, म्हणजे कॅल्शियम. नळाच्या पाण्यात ते आयतंच मिसळलेलं होतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये ते नव्हतं, म्हणून हृदय थांबत होतं. रिंगरनी १८८३ मध्ये दुसरा निबंध लिहिला आणि त्यात सुरुवातीलाच पहिल्या वेळचं पाणी नळाचं होतं हे कंपनीच्या नावानिशी सांगून टाकलं. मग कोऱ्या पाण्यात कॅल्शियम मोजून घातलं. हृदय परत चालू लागलं.

मला या निबंधाचं फार कौतुक वाटतं. पहिला निबंध छापून झाला होता. गप्प बसले असते तर कोण विचारणार होतं?

आता यातली एक खोच बघा. थोड्याच वर्षांत लक्षात आलं की हाच प्रयोग बेडकाच्या पायाच्या स्नायूवर केला तर वेगळं घडतं. बाहेरच्या द्रावणात कॅल्शियम नसलं तरी पायाचा स्नायू विजेचा झटका दिला की काही काळ आखडत राहतो. मग काय, पायाला कॅल्शियम लागत नाही? लागतं. पण पायाच्या स्नायूने ते घरातच भरून ठेवलेलं असतं. बेडकाच्या हृदयाकडे असा साठा फारच कमी, त्यामुळे ते रोज बाजारातून आणून खाणाऱ्या घरासारखं बाहेरच्या पुरवठ्यावर चालतं. घरातलं हे कोठार नेमकं कुठे आहे, हे कळायला मात्र आणखी ७० वर्षं जावी लागली.

पेशीला कॅल्शियम साठवावं का लागतं, हे आधी समजून घेऊ. आपल्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असतं आणि त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत असतं. त्यामुळे कॅल्शियम म्हटलं की आपल्याला दूध, नाचणी, हाडं आणि आईने जबरदस्तीने दिलेली गोळी एवढंच आठवतं. उरलेल्या एका टक्क्याकडे कुणी बघत नाही. पण जीव चालतो तो त्या एका टक्क्यावर.

पेशीच्या बाहेर, रक्तात आणि पेशींमधल्या द्रवात, कॅल्शियम भरपूर असतं. पेशीच्या आतल्या द्रवात ते त्याच्या १०,००० व्या भागाहूनही कमी असतं. हे आपोआप होत नाही. पेशी एकेक कण पंपाने बाहेर फेकत असते आणि त्यासाठी आपली ऊर्जा खर्च करते. गळक्या होडीतून नावाडी सतत पाणी उपसत असतो, तसंच हे काम.

एवढा आटापिटा कशाला? पेशीचं ऊर्जेचं चलन म्हणजे एटीपी, आणि त्यात असतो फॉस्फेट. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आले की त्यांचा खडा होतो. हाडात हेच तर हवं असतं. पण पेशीच्या आत असा खडा झाला तर कारभार आटोपला. म्हणून अगदी सुरुवातीच्या जीवांपासून पेशींनी कॅल्शियम बाहेर ठेवायची सवय लावून घेतली असावी, असं बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं. आणि एकदा आत शांतता झाली, की बाहेरून आलेला थोडासा आवाजही लगेच ऐकू येतो. रात्री दोन वाजता वाजलेल्या बेलसारखा. कॅल्शियम हा निरोप झाला तो असा.

बाहेर काढलेल्या कॅल्शियमचं काही जीवांनी सोनं केलं. सोनं म्हणजे मोती म्हणा. इथल्या समुद्रातला शिंपला कॅल्शियम आणि प्रथिन यांचे पातळ थर एकावर एक चढवतो, तोच मोती. तेलाच्या आधी कतारचं पोट या मोत्यांवर चालायचं, आणि आखातातले मोती मुंबईच्या बाजारात जायचे. आपल्या आजीच्या नथीतला ‘बसऱ्याचा मोती’ हा याच आखातातला. १९३० च्या दशकात जागतिक मंदी आणि जपानचे संवर्धित मोती यांनी तो धंदा बसवला. जपानचं नाव निघालंच आहे, तर थोड्या वेळाने त्या देशातला आणखी एक माणूस आपल्याला भेटणार आहे.

आता स्नायूकडे परत येऊ. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लुईस व्हिक्टर हाइलब्रन नावाचे प्राध्यापक होते. कॅल्शियम हाच पेशीला जागं करणारा मुख्य निरोप्या आहे, हे ते वर्षानुवर्षं सांगत राहिले. १९४७ मध्ये त्यांनी वायर्सिन्स्की या सहकाऱ्याबरोबर स्नायूच्या तंतूमध्ये वेगवेगळे क्षार सुईने आत सोडून पाहिले. सोडियमने काही झालं नाही, पोटॅशियमने नाही, मॅग्नेशियमने नाही. कॅल्शियमने तंतू आखडला. असाच प्रयोग जपानमध्ये कामादा आणि किनोशिता यांनी चार वर्षं आधी केला होता, पण तो काळ युद्धाचा. तिकडचं इकडे कोण वाचणार?

एवढं झाल्यावर वाद मिटायला हवा होता, पण तसं झालं नाही. स्नायूंच्या अभ्यासात ज्यांचा शब्द शेवटचा मानला जायचा त्या नोबेलविजेत्या ए. व्ही. हिल यांनी हिशेब मांडला. कॅल्शियम तंतूच्या पृष्ठभागावरून आत झिरपत मध्यापर्यंत पोहोचायला जेवढा वेळ लागेल, त्याच्या कितीतरी आधी स्नायू आखडून मोकळा होतो. म्हणजे बाहेरून आत जाणारा निरोप्या हे काम करूच शकत नाही. गणित बिनचूक होतं. चूक होती ती कॅल्शियम पृष्ठभागावरूनच निघतं, या गृहीतकात.

खरं तर उत्तर १९०२ पासून छापील पडलं होतं. इटलीत पाविया इथे गोल्जींच्या प्रयोगशाळेत एमिलियो वेराती या तरुणाने स्नायूतंतूंवर काळ्या रंगाची प्रक्रिया करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. तंतूच्या आत त्याला नाजूक जाळ्या दिसल्या. त्याने त्यांची सुंदर चित्रं काढली. पण बाकीच्यांना साध्या सूक्ष्मदर्शकातून त्या दिसेनात, म्हणून हा रंगाचाच खेळ असेल असं समजून लोक पुढे गेले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला आणि १९५० च्या दशकात पोर्टर आणि पलाडे यांना तीच जाळी दिसली. वेरातीचा जुना निबंध शोधून काढून १९६१ मध्ये इंग्रजीत पुन्हा छापण्यात आला.

ही जाळी म्हणजे आंतर्द्रव्यजालिका, आपल्या नववीच्या पुस्तकातली. स्नायूत ती खास विकसित झालेली असते आणि प्रत्येक आखडणाऱ्या धाग्याला बिलगून असते. हिल यांचा आक्षेप इथेच गळून पडला. कॅल्शियमला लांबून यायचंच नव्हतं, ते भिंतीपलीकडेच भरून ठेवलेलं होतं. पण जाळी दिसली म्हणजे ती कोठार आहे हे सिद्ध होत नाही. ते सिद्ध केलं तिघा-चौघांनी, आणि त्यातले एक म्हणजे मघाशी म्हटलेले जपानी गृहस्थ, सेत्सुरो एबाशी.

एबाशी टोकियो विद्यापीठात औषधशास्त्र विभागात होते. त्या वेळी स्नायूतून काढलेल्या एका अर्काची फार चर्चा होती. तो अर्क घातला की आखडलेले धागे सैल पडायचे. अर्कात कोणतं तरी गुंतागुंतीचं, विरघळणारं रसायन असणार, असं समजून बहुतेक प्रयोगशाळा त्याच्या मागे लागल्या होत्या. एबाशींच्या लक्षात आलं की तो अर्क म्हणजे बारीक पिशव्या आहेत, म्हणजे त्या जाळीचेच तुकडे. शिवाय कॅल्शियम पकडून ठेवणारी रसायनं घातली तरी धागे सैल पडतात, आणि ज्या रसायनाची पकड जास्त त्याचा परिणाम जास्त. याचा सरळ अर्थ असा, की त्या पिशव्या कॅल्शियम ओढून घेतात, म्हणून स्नायू सैल पडतो.

१९५९ मध्ये ते न्यूयॉर्कला रॉकफेलर संस्थेत फ्रित्झ लिपमन यांच्याकडे गेले. लिपमन हे एटीपीचे मोठे जाणकार आणि नोबेलविजेते, आणि कॅल्शियमची कल्पना त्यांना काही पटकन पटली नाही. त्या काळच्या बहुतेक जीवरसायनशास्त्रज्ञांची हीच गत होती. एवढ्या मोठ्या कामाचा कारभारी एक साधा खनिज कण? चुन्यातला?

लोकांना पटत नव्हतं त्याला आणखी एक कारण होतं आणि ते पुन्हा पाण्याचंच होतं. प्रयोगशाळेतलं पाणी, काचेची भांडी, रसायनं, सगळ्यांत कॅल्शियमचा अंश असायचाच. स्नायूला लागणारं कॅल्शियम इतकं थोडं, की तेवढं भांड्यातूनच मिळून जायचं. मग वरून आणखी घातलं तर फरक कसा दिसणार? भाजीत आधीच मीठ पडलंय हे माहीत नसलं, तर चिमूटभर मिठाचं महत्त्व कळत नाही. अमेरिकेत काम करणाऱ्या अ‍ॅनेमरी वेबर यांनी हा अंश कसोशीने काढून टाकला आणि दाखवून दिलं की कॅल्शियम नसेल तर एटीपी असूनही धागे आखडत नाहीत. टोकियोत एबाशींच्या पत्नी फुमिको एबाशी यांनी पतीबरोबर हेच काम पुढे नेलं. हायडेलबर्गमध्ये हासेलबाख आणि माकिनोसे यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलं की त्या पिशव्या एटीपी खर्चून कॅल्शियम आत ओढतात. कोठाराचा पंप सापडला. पुढे कळलं की हा पंप एक एटीपी खर्चून कॅल्शियमचे दोन कण आत घेतो. १९७१ मध्ये टोरोंटोच्या डेव्हिड मॅक्लेनन यांना कोठाराच्या आतलं एक प्रथिन सापडलं. धान्याच्या कणगीसारखं ते पुष्कळ कॅल्शियम धरून ठेवतं, पण घट्ट नाही. हाक आली की लगेच सोडतं.

हाइलब्रन यांना यातलं फारसं काही पाहायला मिळालं नाही. १९५९ मध्येच मोटार अपघातात ते गेले.

एक प्रश्न राहिला होता. कॅल्शियम कोठारातून बाहेर आलं, पण धाग्यांना तो निरोप वाचून कोण दाखवतं? १९६५ मध्ये एबाशींना ते प्रथिन सापडलं. त्याला ट्रोपोनिन म्हणतात. कॅल्शियम त्याच्यावर बसलं की ते सरकतं, धाग्यांवरचं कुलूप उघडतं आणि स्नायू आखडतो. हे नाव लक्षात ठेवा.

दरम्यान अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पाण्याने आणखी एक गुपित फोडलं. १९६१ च्या उन्हाळ्यात ओसामु शिमोमुरा हे जपानी शास्त्रज्ञ फ्रायडे हार्बर इथे चमकणाऱ्या जेलीफिशमधला प्रकाश वेगळा काढायच्या खटपटीत होते. द्रावण अंधूक झालं, काम फसलं म्हणून त्यांनी ते सिंकमध्ये ओतलं आणि सिंक निळ्या प्रकाशाने उजळून निघालं. त्या सिंकमध्ये मत्स्यालयातलं वाहून जाणारं समुद्राचं पाणी पडत होतं. पाण्यात कॅल्शियम होतं आणि त्यानेच दिवा पेटवला होता. ते प्रथिन म्हणजे एक्वोरिन. रिजवे आणि अ‍ॅशली यांनी १९६७ मध्ये ते बार्नकल या कवचधारी प्राण्याच्या जाड स्नायूतंतूत भरलं, आणि स्नायू आखडायच्या आधी प्रकाश लकाकताना प्रत्यक्ष टिपला. दहा वर्षांनी माशाच्या अंड्यात शुक्राणू शिरल्यावर कॅल्शियमची लाट अंडभर पसरतानाही अशीच पाहिली गेली. नवा जीव सुरू होतो तोही याच निरोपाने.

म्हणजे कोठारं फक्त स्नायूत नव्हती. बाकीच्या पेशींत त्यांची किल्ली कुणाकडे, हे १९८३ मध्ये समजलं. केंब्रिजचे मायकेल बेरिज माश्यांच्या लाळग्रंथींवर काम करत होते. त्यांनी आणि जर्मनीतल्या सहकाऱ्यांनी स्वादुपिंडाच्या पेशींवर दाखवलं, की बाहेर हॉर्मोनने दार ठोठावलं की आत आयपी-थ्री नावाचा छोटा रेणू तयार होतो आणि तो कोठाराचं झाकण उघडतो. आपल्याकडे बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात, म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्याच शाखेत, गायती हसन यांनी फळमाशीत या झाकणाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. ज्या माश्यांत हे झाकण बिघडलेलं, त्या धड उडू शकत नाहीत.

आता रक्तदाबाची गोळी. १९६० च्या दशकात जर्मनीत फ्रायबुर्गला आल्ब्रेख्त फ्लेकेनस्टाइन हृदयावरची काही नवी औषधं तपासत होते. त्यातलं एक व्हेरापामिल. या औषधांनी हृदयाचा जोर कमी व्हायचा, विजेची हालचाल मात्र जवळपास तशीच राहायची. हे चित्र त्यांना ओळखीचं वाटलं. कॅल्शियम काढून घेतलेलं हृदय असंच वागतं! जास्तीचं कॅल्शियम घातल्यावर जोर परत आला. म्हणजे औषध पेशीत शिरणाऱ्या कॅल्शियमचं दार अर्धवट लोटत होतं. आज आपल्यापैकी अनेकांच्या डब्यात असलेली अमलोडिपिन याच घराण्यातली. ती मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंत जाणारं कॅल्शियम कमी करते, वाहिन्या सैल पडतात आणि दाब उतरतो. काही जण विचारतात, ‘कॅल्शियम ब्लॉकर’ घेतो, मग हाडं ठिसूळ होतील का? गोंधळ नावाचा आहे. ही गोळी दारं अडवते, हाडांतला साठा काढत नाही. आणि दुधाचा पेला किंवा कॅल्शियमची गोळी घेतली म्हणून तिचं काम बिघडतं असंही नाही, कारण रक्तातलं कॅल्शियम शरीर काटेकोर पातळीवर धरून ठेवतं.

आणि शेवटी ट्रोपोनिन. हृदयाच्या स्नायूतलं ट्रोपोनिन पायाच्या स्नायूतल्यापेक्षा थोडं वेगळं असतं. हृदयाचा रक्तपुरवठा तुटला, पेशी मेल्या, की ते बाहेर पडून रक्तात येतं. एरवी रक्तात ते जवळजवळ नसतंच. म्हणून छातीत दुखतंय म्हणून कुणी इमर्जन्सीत गेलं की ईसीजीबरोबर ट्रोपोनिनची तपासणी करतात. पेशीतून गळून ते रक्तात मोजण्याइतकं यायला वेळ लागतो, त्यामुळे बऱ्याचदा पहिला नमुना नॉर्मल आला तरी थोड्या तासांनी दुसरा घेतात. ‘रिपोर्ट चांगला आलाय, उद्या ड्युटी आहे’ म्हणून तिथून सही करून निघू नका. दुसरा नमुना होऊ द्या. आणि छातीवर दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असं काही झालं तर स्वतः गाडी काढून सी रिंग रोडच्या गर्दीत शिरू नका. ९९९ ला फोन करा, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा.